दोन बोटं उतार

सकाळी आठला उस्तिन्या तार्लिना
पहारीने बर्फाला डोळा पाडते.
रात्रीतून तो पुन्हा मिटलेला असतो.
आकड्याची काठी आत सोडायची,
बर्फाच्या पोटाला खालून अडकवायची, वाचायचं:
शहाण्णव.
कालच्यापेक्षा एक जास्त.
शाई गोठते, म्हणून पेन्सिल.
सदतीस वर्षं पेन्सिल.

इथून वर, म्हणजे दक्षिणेला
(नकाशात वर उत्तर असते, नदीला ते कुणी सांगितलेलं नाही)
दोघी मिळून ओब होते.
बिया तळ्यातून येते, निवळशंख.
कातुन हिमनदी खरवडून, ताकासारखी.
एका पात्रात येऊनही बराच वेळ
एकमेकींना शिवत नाहीत,
एकाच पंगतीला बसलेल्या, अबोला धरलेल्या जावा.
मग तोम येते, कोळशाचा मुलूख धुऊन.
चुलिम वळणावर वळण घेत, जणू पोचायचंच नाही.
केत. वाख.
आणि डावीकडून, दलदलीतून, वासुगान,
उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखी.

इर्तिश परदेशातली.
चीनच्या डोंगरात जन्म, कझाकांच्या गवताळ रानातून वाट,
इशिम आणि तोबोलला पदरात घेऊन
या गावाच्या जरा वर ओबला मिळते.
नातवाने, पाहोमने, शाळेत लिहिलं होतं:
मोजली तर इर्तिशच लांब भरते,
मग ओब इर्तिशला मिळते असं का म्हणत नाहीत?
बाईंनी लाल रेघ मारली.
उस्तिन्या म्हणाली, ज्याचं घर त्याचं नाव.
मग चुलीत लाकूड सारत,
माझं तरी कुठे राहिलं.

खांती लोक या नदीला नुसतं आस म्हणतात.
आस म्हणजे मोठी नदी, बाकी काही नाही.
मराठी वाचणाऱ्या, तू त्यात चाक शोधशील,
नाहीतर कुणाची तरी वाट पाहणं.
शोध बापडा.
इथे किलोमीटरला दोन बोटं उतार.
एवढ्याशा उतारावर पाणी धावत नाही,
आठवून आठवून पुढे सरकतं.

आणि फेब्रुवारीत गुदमरतं.
हे रूपक नाही.
साऱ्या दलदलींचं पाणी झाकणाखाली
महिनोन्‌महिने हवेवाचून पडून राहतं,
भोकातून लोखंडाचा वास येतो,
जाळ्यात मासे येतात ते मेलेलेच.
ज्यांना जमतं ते आधीच खाली, आखाताकडे गेलेले.

त्या आठवड्यात शहरातून रोदिओन आला,
पाण्याच्या खात्याचा, नवे कोरे बूट.
पुढल्या वर्षी इथे खांब उभा राहील, म्हणाला,
आपोआप मोजेल, आपोआप कळवेल.
पडद्यावर खोरं दाखवलं त्याने:
निळी शीर, तिला शिरा, त्यांना शिरा, मग काही नाही.
उस्तिन्याने त्या काही नाहीवर बोट ठेवलं.
म्हणाली, चला.

स्लेजवरून तिसऱ्या वळणापर्यंत, मग पायी.
काठाखाली हातभर जागा, बर्फच नाही.
जिवंत झरा.
त्याचं नाव सासऱ्याच्या तोंडी होतं, तोंडाबरोबर गेलं.
आणि त्या हातभर पाण्यात
मासे, माशांवर मासे,
पाठी बाहेर, तोंडं उगमाकडे,
पाइक आणि त्याचं भक्ष्य खांद्याला खांदा लावून,
कुणी कुणाला खात नव्हतं.
पाहोमने हात घातला. कुणी पळालं नाही.

रोदिओन बराच वेळ उभा होता.
लांबी किती, त्याने विचारलं.
दोनशे पावलं. माझी. तुमची कमी भरतील.
त्याने पडद्यावर काहीतरी टिपलं,
मग बोटं बधिर झाली, हातमोजा चढवला.

संध्याकाळी आठला तिने पातळी लिहिली, तापमान लिहिलं,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथे बहुधा रेघच असते:
डावा काठ, तिसरं वळण, वाहतो आ
इथे टोक मोडलं.
ती चाकू शोधायला उठली.